थांबवणारे दोन, आकडा एक

आमच्या विहिरीत उतरायचं तर आधी खिसा लागतो. बिनखिशाची बंडी घालून आलेल्या माणसाला बाप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, काठावरूनच माघारी पाठवतात. खिशात फ्यूज ठेवायचा असतो.

विहीर धारूरचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या शिवारात आहे, तिघा भावांची सामाईक. बाप्पा, माझे वडील आणि धाकटे काका. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मोटार एकच, विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर बसवलेली. पाईप तिघांच्या रानात गेलेले. काठावर पत्र्याच्या डब्यात तीन पांढरे फ्यूज, तीन फेजचे तीन. जो खाली उतरेल किंवा पाईपला हात घालेल, त्यानं एक फ्यूज उपसायचा आणि खिशात टाकायचा. दुसरा आला तर त्यानं दुसरा. काम झालं की ज्याचा त्यानं परत बसवायचा. तिन्ही जागेवर आल्याशिवाय मोटार फिरत नाही. दुसऱ्यानं काढलेल्या फ्यूजच्या भरवशावर उतरायचं नाही, आणि दुसऱ्याच्या वतीनं फ्यूज बसवायचाही नाही. लहानपणी मी विचारलं होतं, चौथा माणूस आला तर? बाप्पा म्हणाले, "चौथ्यानं वर बसून बिडी वढायची."

या पद्धतीत काही अक्कल आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. उलट ती बंद करायला मीच निघाले होते.

मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. कंपनी मोबाईलवरून चालणाऱ्या मोटारीच्या पेट्या बनवते. पेटीच्या आत एक छोटा संगणक असतो, आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात तळाचा भाग, कर्नल, तिथला कोड मी लिहिते. बटण दाबलं, तार गरम झाली, मेसेज आला, हे सगळं आधी कर्नलला कळतं आणि मग वरच्या प्रोग्रॅमला. नव्या पेटीची शेतात चाचणी घ्यायची ठरली तेव्हा मी आमची विहीर हट्टानं पुढं केली.

पेटी फ्यूजच्या डब्याच्या अलीकडं बसते, फ्यूज काढला तरी तिला लाईट मिळते. तिचं काम असं: लाईट आली की जरा दम खाऊन तिनं आपोआप मोटार सुरू करायची. कुणाला काम करायचं असेल तर पेटीवरचं लाल बटण दाबायचं किंवा मोबाईलवरून 'थांबा' पाठवायचं. प्रत्येक थांब्याला पेटीतला एक आकडा एकानं वाढतो. काम झालं की हिरवं बटण किंवा 'सोडा'. आकडा एकानं कमी. शून्य झाला की मोटार मोकळी. पेटीसोबत द्यायचं मराठी पत्रकही मीच लिहिलं. त्यात एक ठसठशीत ओळ होती, की आता फ्यूज काढण्याची गरज नाही. ती ओळ मला फार आवडली होती. पत्रकात एक तरी ओळ अशी पाहिजे की माणसानं ती घरी जाऊन दुसऱ्याला सांगावी, हे मी घरातच शिकले. दादा ऊसतोड कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या कपाटाला आतून पत्रकं चिकटवलेली असायची आणि त्यांच्यावरच मी अक्षरं गिरवली.

त्या दिवशी दुपारी लाईट येणार होती. पेटीत बॅटरी नाही. कंपनीनं ती वाचवली. म्हणजे लाईट आल्यावरच पेटी जागी होते आणि तेव्हाच 'थांबा' सांगता येतं. दादांना विहिरीत उतरायचं होतं, पाईपच्या तोंडाशी असलेल्या फुटवॉलमध्ये कचरा अडकला होता. काका लांब त्यांच्या रानात पाईपचा जोड बसवणार होते. दोघंही लाईटीची वाट बघत होते. लाईट आली. दादांनी बटण दाबलं. काकांनी आधीच पाठवून ठेवलेला मेसेज पेटीनं त्याच क्षणी उचलला. दादा खाली उतरले.

काकांचा जोड लवकर बसला. त्यांनी 'सोडा' पाठवलं. थोड्या वेळानं ते बांधावरून ओरडतच आले.

"कावून बंद पडली ही पेटी? लाईट हाय, अन् ही मला मेसेज पाठवती, एक फेज न्हाई!"

बाप्पा काठावर बसले होते. "फेज तुझ्या भावाच्या खिशात हाय बे."

"मग पेटी कशाला घेतली? खिसाच लावायचा व्हता डब्याला!"

मी तिथंच सावलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. मला हसू आलं, आणि मग ते मधेच थांबलं. पेटीनं फेज नाही असं कधी सांगितलं असतं? मोटार सुरू करायला गेली तरच. पण दादा तर अजून खाली होते, त्यांनी हिरवं बटण दाबलेलं नव्हतं.

"बाप्पा, पेटी वाजली का आत्ता?"

"वाजली की. खट् झालं. मला वाटलं पाल पडली."

मी उठून पेटीकडं पाहिलं. थांबा: ०. दादा कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि फुटवॉलमधून शेवाळ ओढत होते.

दादा वर आल्यावर मी विचारलं की फ्यूज का काढला, पेटी आहे ना. ते ओशाळले. माझ्या पेटीचा अपमान केला असं त्यांना वाटलं असावं. "सवय हाय बाई," ते म्हणाले. "पेटीवर भरवसा न्हाई आसं न्हाई. हात आपसूक गेला."

त्यांच्या हाताच्या सवयीनं ते वाचले. माझ्या पत्रकाप्रमाणे वागले असते तर मोटार सुरू झाली असती, आणि ते पाण्यात होते. हे वाक्य मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही.

चूक शोधायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मला स्वतःचाच संताप आला, कारण ती चूक ह्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. संध्याकाळी दादांनी विचारलं, "दोघांनी थांब म्हणलं, मग एकच कसा मोजला?" तेव्हा मी डब्याच्या पत्र्यावर खडूनं ० काढला.

"पेटीत दोन कारकून आहेत असं समजा. एक बटणाचं बघतो, एक मेसेजचं. आकडा दोघांचा मिळून एकच. 'एकानं वाढव' असं मी एका ओळीत लिहिते, पण कारकुनाला तीन कामं करावी लागतात. आकडा वाचायचा, मनात एक मिळवायचा, परत लिहायचा. बटणवाल्यानं वाचलं, शून्य. त्यानं लिहायच्या आत मेसेजवाल्यानंही वाचलं, शून्य. ह्यानं लिहिलं एक. त्यानंही लिहिलं एक. मग काकांच्या 'सोडा'नं तो एक गेला आणि शून्य राहिला, तुम्ही खाली असताना."

दादांनी पत्र्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं. "दोघंबी खरं बोलले."

"हो."

"अन् आकडा खोटा."

"हो."

"मग खडू एकच ठेवा की," दादा म्हणाले. "खडू ज्याच्या हातात, त्यानंच वाचायचं अन् त्यानंच लिवायचं. दुसऱ्यानं तवर बघायचं बी न्हाई."

दहावी नापास माणसानं एका वाक्यात जे सांगितलं, ते वरिष्ठांना पटवायला मला तीन आठवडे लागले.

वरिष्ठ म्हणजे आमचे सर. पुण्यात बसतात. माणूस वाईट नाही, पण गाडी निघायची वेळ झाली की खिडकीतून आत चढणाऱ्यांपैकी. पेट्या दुकानांत जायची तारीख ठरलेली होती. मी व्हिडिओ कॉलवर आकडा कसा चुकतो ते सांगितलं. ते हसले.

"अगं, दोघांनी नेमक्या एकाच मायक्रोसेकंदाला दाबायचं? त्यापेक्षा लॉटरी लागेल."

"सर, ही लॉटरी लागते तेव्हा कुणीतरी विहिरीत असतं."

"आमच्या टेबलावर एकदाही झालं नाही."

"तुमच्या टेबलावर लाईट जात नाही. इथं लाईट आली की अख्खं शिवार एकदम उठतं. साठलेले मेसेज आणि बटण एकाच दमात येतात. तुम्ही म्हणता ते क्वचित होईल, पण इथं ते रोज त्याच क्षणी व्हायला बघतं."

"पुरावा दे."

पुरावा द्यायला दुसऱ्या दिवशी तिघे भाऊ कामाला लागले. तिन्ही फ्यूज बाप्पांच्या खिशात. मी पेटीची लाईट घालवायची आणि आणायची. दादा बटणावर, काका आणि बाप्पा मोबाईलवर. मी "हां, दाबा!" म्हटलं की तिघांनी दाबायचं. काका दर वेळी आधीच दाबायचे. बाप्पा त्यांना म्हणाले, "तू लग्नातबी आंतरपाट धरायच्या आधीच हार घालाय निघालता." दिवस मावळेपर्यंत आकडा चार वेळा चुकला. तीन पाहिजे तिथं दोन, आणि एकदा तर एक. मी सगळं चित्रित करून पाठवलं.

सरांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यांनी दुरुस्ती केली होती. मी उघडून पाहिली आणि लॅपटॉप मिटून अंगणात दोन चकरा मारल्या.

आमच्याकडं एक तपासनीस प्रोग्रॅम असतो. दोन कारकून एकाच जागेला पाळी न लावता हात घालताना दिसले की तो बोंब मारतो. त्यानं ह्या आकड्यावर बोंब मारलीच होती. सरांनी काय केलं, तर त्या ओळीवर एक खूण केली. खुणेचा अर्थ, हे आम्हाला माहीत आहे, तू गप्प बस. ही खूण खोटी नाही. जिथं आकडा थोडा चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही तिथं ती रीतसर वापरतात. पेटी किती वेळा चालू झाली, किती मेसेज आले, असल्या ठिकाणी. पण सरांनी ती माणसं मोजणाऱ्या आकड्यावर लावली होती. तक्रार बंद झाली, चूक जागेवर.

मी फोन केला. सर म्हणाले, "एकाचाच तर फरक आहे."

इथं माझा तोल गेला. माझ्या आई-वडिलांनी कित्येक हंगाम ऊस तोडला. तिथं नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते, आणि मोजताना दोघं एक. आईला आयुष्यभर कुणी वेगळं मोजलं नाही. आमच्या कपाटातली निम्मी पत्रकं ह्याच एका गोष्टीवर होती. मी सरांना एवढंच म्हणाले, की दोघांना एक मोजायची आमच्याकडं आधीच सोय आहे, त्यासाठी पेटी लागत नाही. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी इतकी का चिडते, असं त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं, हे मला नंतर कळलं.

मग दुसरी दुरुस्ती आली. ह्यात वाचताना एका झटक्यात वाचायचं आणि लिहिताना एका झटक्यात लिहायचं, असं बंधन होतं. तपासनीस पुन्हा गप्प. सर खूश. पण वाचणं आणि लिहिणं ह्यांच्या मधली फट तशीच होती. दादांच्या भाषेत, खडू लिहिण्यापुरता हातात घेतला, वाचताना कुणीही वाचा. दोन्ही कारकून शून्यच वाचणार, फक्त आता टापटिपीनं वाचणार.

"सर, ही आधीचीच चूक आहे, इस्त्री केलेली."

"मग तूच कर ना!"

केली. आणि इथं मला माझीही लाज सांगितली पाहिजे. घाईत मी दादांचा खडू जसाच्या तसा बसवला: आकड्याला कुलूप, ज्याच्याकडं कुलूप त्यानंच वाचायचं आणि लिहायचं. तपासनीस गप्प, आकडे बरोबर. तिसऱ्या दिवशी पेटी ठप्प झाली. ना बटण ऐकेना, ना मेसेज. कारण दादांना मी दोन कारकून सांगितले, पण खरं तर दोन्ही टोप्या एकाच माणसाच्या, आणि बटणाची हाक त्याला हातातलं काम जागच्या जागी टाकून घ्यावी लागते. कारकून कुलूप लावून मेसेज मोजत असतानाच बटण वाजलं, तो तसाच बटणाकडं वळला, आणि तिथंही तेच कुलूप मागायला लागला. खडू स्वतःच्याच मुठीत, आणि हा उभा राहून खडूची वाट बघतोय. कुलूप असताना बटणाची हाक थोपवून धरायची असते, एवढं साधं मी विसरले होते.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मॅडम, सुरक्षित झाली का पेटी? आता तर काहीच सुरू होत नाही." त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांचं बरोबर असणं मला त्या वेळी अजिबात सोसत नव्हतं.

शेवटी जे करायला हवं होतं ते मी केलं. प्रोसेसरला एक हुकूम असतो, त्यात वाचणं, मिळवणं आणि लिहिणं एकाच दमात होतं, मधे कुणाला शिरता येत नाही. एवढ्याशा आकड्याला कुलूप लागतच नाही. कमी करताना शून्य झालं का हे बघणंसुद्धा त्याच दमात. आधी कमी करून मग निवांत बघायचं नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी 'थांबा' म्हणालेलं असू शकतं. आणि मोटार सुरू करायच्या वाटेवरही राखण, आकडा शून्य नसेल तर पुढं जायचं नाही. बदललेल्या ओळी बोटांवर मोजण्याइतक्या. तिघे भाऊ पुन्हा दिवसभर दाबत बसले. काकांचा अंगठा दुखायला लागला. आकडा एकदाही चुकला नाही. दाबून दाबून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत होतं, पण आता मला का चुकणार नाही ते सांगता येत होतं.

तोवर तारीख आली होती. सर म्हणाले, आत्ता पेट्यांत आहे ती इस्त्रीवाली दुरुस्तीच घालू, तुझी पुढच्या वेळी घेऊ, फक्त खाली तुझं नाव टाक. आमच्या कामात प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव असतं. नाव टाकणं म्हणजे, हे मी पाहिलं आहे, ह्याची जबाबदारी माझी.

"नाही टाकणार."

"नुसती रीत आहे गं ती."

"फ्यूज काढणं पण नुसती रीत आहे, सर. त्या रीतीमुळं माझा बाप जेवायला घरी आला. आणि माझ्या पत्रकात मी ती मोडायला सांगितलीय. आता ह्याच्याखाली पण माझंच नाव?"

"म्हणजे? तुझे वडील विहिरीत होते?" सरांनी विचारलं. त्यांना दादांचं माहीतच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. चिडण्याच्या भरात मी तीन आठवडे लॉटरी, कारकून, कोयता सगळं बोलले होते; दादा त्या दिवशी पाण्यात होते, हे मी सांगितलंच नव्हतं. जे पहिल्या ओळीत लिहायचं ते मी लिहिलं नव्हतं. कपाटातल्या पत्रकांनी मला एवढंही शिकवलं नव्हतं की काय!

"आधी का नाही बोललीस?" सर म्हणाले.

त्याच फोनवर मी त्यांना तो दिवस पहिल्यापासून सांगितला.

माझी दुरुस्ती आत गेली. तिच्यावर मी मोठा मजकूर लिहिला होता, कोणत्या क्रमानं काय घडलं, कुणाचा जीव जाऊ शकतो. सरांनी तो छाटून 'किरकोळ साफसफाई' असं केलं. मी पुन्हा भांडले. ते म्हणाले, गिऱ्हाईक वाचतं. मी म्हणाले, वाचावंच. तिथं अजूनही 'किरकोळ साफसफाई'च लिहिलेलं आहे.

पत्रकाचं तर वेगळंच. छापून झालं होतं. नवीन छापायला नकार. "फ्यूज काढा असं लिहिलं तर लोक पेटी घेतील कशाला?" असं सर म्हणाले, आणि मग जरा थांबून, "तुमच्या भागातलं तू हातानं काय ते कर, मी विचारणार नाही."

मग धारूरच्या दुकानात आलेला पत्रकांचा गठ्ठा मी घरी आणला. दुकानदाराला वाटलं, छपाईत चूक आहे. मी म्हणाले, आहेच. ओसरीवर दादा आणि मी बसलो. माझ्या आवडत्या ओळीवर पट्टीनं काट मारायची आणि खाली लिहायचं: पेटी असली तरी फ्यूज काढा. ज्याचा त्यानं, स्वतःच्या हातानं. आई चहा घेऊन आली, तिनं थोडा वेळ पाहिलं, आणि तिसरा पेन मागून घेतला. तिचं अक्षर आमच्या दोघांपेक्षा मोठं. बाकीच्या तालुक्यांत ती ओळ तशीच फिरते आहे. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात पेटीची पाण्यातली तार तपासायला मला स्वतःला विहिरीत उतरायचं होतं. दादा आधीच खाली होते, काका पाईपपाशी. मी लाल बटण दाबलं. थांबा: ३. बरोबर होतं. माझ्याच हातचा आकडा होता आणि त्याच्यावर माझा भरवसा होता. मी पायरीवर पाय ठेवला.

"ये बाई," बाप्पा काठावरून म्हणाले. "खिसा हाय का?"

"बाप्पा, आकडा आता चुकत नाही."

"न्हाई चुकत. पण डब्यात एक राहिलाय."

डब्यात दोन जागा रिकाम्या होत्या. कुर्त्याला खिसा नव्हता. मी तिसरा फ्यूज उपसला, ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधला आणि उतरले.